सध्या काय काय घेता?

मोबाईलने पहिलाच प्रश्न विचारला तो पेशंटच्या वयाचा, आणि मी फारसा विचार न करता सरांचं वय टाकलं. खरं तर मला कुणाचंच वय टाकायचं नव्हतं. दुपारची वेळ, दवाखान्यात चिटपाखरू नाही, कंपाउंडर जेवायला घरी गेलेला, आणि पंख्याखाली बसून मी ते नवं ॲप नुसतं चाळून बघत होते. आदल्या आठवड्यात आमच्या डॉक्टर मंडळाच्या बैठकीत एका तरुण डॉक्टरीणबाईंनी ते सगळ्यांच्या फोनमध्ये घालून दिलं होतं. म्हाताऱ्या माणसांना औषध लिहिताना कुठली गोळी कुठल्या गोळीशी भांडते, कुठली या वयात देऊच नये, कुठली आता पुरे झाली, हे सगळं ते सांगतं म्हणे. मंडळातल्या जुन्या खोडांनी नाकं मुरडली. मला सर्दी झाली होती, त्यामुळे मी सारखी डोळे पुसत होते आणि बाईंना वाटलं मी भारावून गेलेय. त्यांनी मला शेजारी बसवून सगळं पुन्हा पहिल्यापासून समजावून सांगितलं. तर आता सरावासाठी एक म्हातारा माणूस हवा होता. मनाने रचलेलाही चालला असता. पण सकाळी काकूंचा, म्हणजे सरांच्या बायकोचा, फोन येऊन गेला होता, सर डोक्यातून जात नव्हते, आणि त्यांच्या गोळ्या मला माहीत होत्या, कारण त्यांच्या जेवणाच्या टेबलावर मिठाच्या बरणीशेजारी त्या एका पारदर्शक डबीत सगळ्या जगाला दिसतील अशा पडलेल्या असतात. मी एकेक टाकत गेले. रक्तदाबाची. चक्करेची. हात कापतात त्याची. पोट साफ होण्याची. झटकन एक लाल पट्टी उमटली. चक्करेची ही गोळी या वयात फार दिवस घेतली तर हात कापू शकतात, चाल मंदावते, चेहरा ताठरतो, असं तिच्यात लिहिलं होतं, आणि खाली एक साधा प्रश्न होता: पेशंट ही गोळी कधीपासून घेत आहे? पुढे रिकामी चौकट, तिच्यात एक उभी रेघ लुकलुकत होती. मी फोन टेबलावर पालथा ठेवला.

मला उत्तर माहीत नव्हतं. सरांच्या हाताखाली मी डॉक्टरकी शिकले, त्यांच्या घरी वर्षानुवर्षं जेवले. माझं लग्न ठरलं तेव्हा त्यांनी माझ्या नवऱ्याला बाजूला घेऊन, हिला घाई फार आहे, तू जरा सावकाश राहत जा, असा सल्ला दिला होता, आणि त्या गृहस्थाने तो इतका मनावर घेतला की अजून घरातून वेळेवर बाहेर पडत नाही. सरांना चहात साखर किती लागते ते मला ठाऊक, कुठल्या कुशीवर झोपतात तेही काकूंच्या तक्रारींमुळे ठाऊक. पण ही गोळी कधीपासून, ते ठाऊक नाही. भीती म्हणावी तर भीती नव्हती. जिना उतरताना शेवटची पायरी आहे असं समजून पाय टाकावा आणि तिथे आधीच जमीन असावी, तसं झालं. कंपाउंडर जेवून परत आला आणि त्याने मला विचारलं की बरं नाही का. मी म्हटलं, बरं आहे, आणि मग खरंच बरं आहे का ते बघायला स्वतःची नाडी पाहिली.

सकाळी काकूंनी फोनवर जे सांगितलं त्यात आडपडदा नव्हता. सरांनी दवाखाना बंद करावा, आणि ते त्यांना मी सांगावं. हात फार कापतो. एकाच बाईला सकाळी लिहून दिलेला कागद संध्याकाळी परत लिहून दिला, ती बिचारी दोन्ही कागद घेऊन कोपऱ्यावरच्या औषधवाल्याकडे गेली, आणि औषधवाल्याने सरांना विचारायची हिंमत न होऊन फोन काकूंना केला. पाय घासत चालतात. बोलता बोलता मधलाच शब्द हरवतो आणि मग दुसऱ्याच गोष्टीवर चिडतात. "माझं ऐकायचे नाहीत ते," काकू म्हणाल्या, "तुझं ऐकतील. काही भलतंसलतं व्हायच्या आत मानाने घरी बसवायचंय मला त्यांना." शनिवारी दुपारी ये, म्हणाल्या, मी समोर भाजी चिरत बसेन म्हणजे त्यांना वाटणार नाही आपण ठरवून केलंय. मी हो म्हटलं. काकूंना नाही म्हणायची पद्धत मला कधी जमलीच नाही. पण फोन ठेवला आणि लक्षात आलं की आपण कबूल केलेलं काम म्हणजे त्या माणसाच्या हातातून त्याचा हातच काढून घेण्याचं काम आहे. दवाखाना गेला तर सर जगतील, खातील-पितील, वर्तमानपत्रही वाचतील. पण सकाळी उठून दाढी कशासाठी करायची, हा प्रश्न त्यांना पडेल, आणि त्याचं उत्तर काकूंकडे नसेल, माझ्याकडेही नसेल.

सरांचे हात म्हणजे काय होते हे सांगायला मला नेहमी शब्द कमी पडतात. पोट दाबून बघायच्या आधी ते तळवे एकमेकांवर घासायचे, थंड हात लागून माणसाने पोट आवळून घेऊ नये म्हणून. मग नुसता हात ठेवायचे, दाबायचे नाहीत, आणि पेशंटला त्याच्या घरचं काहीतरी विचारायचे, पोरगा काय करतो, गळकं छप्पर दुरुस्त झालं का. तो सांगायला लागला की बोटं आपोआप खाली उतरत जायची. मी शेजारी उभी राहून घड्याळ बघायचे, कारण बाहेर खच्चून माणसं भरलेली. एकदा ते पोटावरचा हात न उचलता म्हणाले, घाई, तुला कुठे जायचंय? तेव्हापासून माझं नाव घाई पडलं. माझं खरं नाव त्यांच्या दवाखान्यात बहुतेकांना माहीतही नव्हतं. औषधाच्या खिडकीतून, घाईबाईंकडे जा, असं सर्रास सांगत. मला राग यायचा. मग सवय झाली, आणि पुढे माझा स्वतःचा दवाखाना झाला, तिथे सगळे मला मॅडम म्हणायला लागले तेव्हा उलट चुकल्याचुकल्यासारखं वाटायला लागलं. अजूनही कुणाच्या पोटावर हात ठेवला की पाठीमागून कुणीतरी मला हाक मारणार आहे असं वाटतं, आणि मी घाई करत नाही. एवढं एक त्यांच्याकडून मी नीट उचललंय.

शनिवारपर्यंतचे दिवस मी जरा विचित्र काढले. ते ॲप पुन्हा पुन्हा उघडायचं आणि त्या रिकाम्या चौकटीपाशी येऊन थांबायचं. मनाला एक फाटा फुटायचा तो असा की हे खरं असेल तर सरांना काहीच झालेलं नाही, म्हणजे म्हातारपणाखेरीज काही नाही. पहिल्या गोळीने हात कापतात, कापतात म्हणून दुसरी गोळी, दुसरीने तोंड कोरडं पडतं, पोट जड होतं, डोक्यात धुकं येतं, आणि पोटासाठी तिसरी. गोळीच्या मागे गोळी. आणि दुसरा फाटा असा की कंप खरोखरीचा असेल, मेंदूतलाच असेल, आणि मी एका वृद्ध माणसाला फोन दाखवून खोटी आशा लावणार. आशा लावणं हे आमच्या धंद्यातलं सगळ्यात जपून करायचं काम. नवऱ्याला सांगितलं तर तो म्हणाला, त्यांना नुसतं विचार ना, कधीपासून घेता म्हणून. जसं काही ते सोपं होतं. मी त्याला म्हटलं, तू वकील आहेस, तुला कळायचं नाही. डॉक्टर डॉक्टरला तपासत नाही, त्याच्याशी गप्पा मारतो. एक डॉक्टर दुसऱ्याकडे गेला की खुर्ची पुढे येते, चहा येतो, मुलांची चौकशी होते, आणि निघता निघता दारात उभं राहून, अरे, हे जरा असं होतंय, एवढंच बोलणं होतं. समोरचाही, अमुक घे की, म्हणतो. कागद नाही, वय विचारायचं नाही, आधी काय चालू आहे ते तर मुळीच विचारायचं नाही, कारण तो अपमान. इतर कुठल्याही माणसाच्या बाबतीत आम्ही असं केलं असतं तर आम्हाला स्वतःचीच लाज वाटली असती. नवरा म्हणाला, म्हणजे आजारी पडायचं तर तुमच्यात डॉक्टर असू नये. पहिल्यांदाच त्याचं काहीतरी वेळेवर आलं.

शनिवारी मी चालत गेले. रस्ता ओळखीचा, नळदुरुस्तीवाला, चाव्या करून देणारा, मग एका शाळेची लांबच लांब भिंत, तिच्या सावलीत उभ्या सायकली. भिंत संपते तिथे सरांचं घर. मी दारातून आत पाऊल टाकलं तेव्हा सर आतल्या खोलीतून बाहेर येत होते, आणि मी पहिल्यांदाच त्यांच्याकडे पेशंटकडे बघावं तसं बघितलं. ते दारात क्षणभर अडखळले, जसं काही उंबरठ्याला विचारत होते येऊ का. डावा हात अंगाशी धरलेला. चेहऱ्यावर काहीच हलत नव्हतं. मला बघून आनंद झाला होता तो फक्त डोळ्यांत होता, गालांपर्यंत पोहोचत नव्हता. गेले कित्येक महिने मी त्याला वय म्हणत होते. आपल्या माणसाकडे आपण बघत नाही, तो आहे याची नुसती खात्री करून घेतो. काकू टेबलाशी बसून शेंगा मोडत होत्या आणि माझ्याकडे बघून, सुरू कर, अशी मान हलवत होत्या. माझी पाचावर धारण बसली होती. मी पाणी प्यायले, डबीकडे बघितलं, आणि काकूंनी सांगितलेलं सगळं बाजूला ठेवून विचारलं, "सर, तुम्ही सध्या काय काय घेता?"

काकूंचा शेंगा मोडणारा हात थांबला. सर खुर्चीत टेकून बसले. "कोण विचारतंय," ते म्हणाले, "तू का कुणी तुझ्या तोंडून विचारतंय?" मी फोन काढून टेबलावर ठेवला. म्हटलं, हा विचारतोय, आणि मीही. मग मी त्यांना ॲपबद्दल सांगितलं, तरुण डॉक्टरीणबाईंबद्दल सांगितलं, माझ्या सर्दीबद्दलही सांगितलं, म्हणजे वातावरण जरा हलकं होईल. त्यांनी फोन हातभर लांब धरून वाचला. याने किती पोटं दाबलीत, असं त्यांनी विचारलं. एकही नाही, मी म्हटलं, म्हणून तर विचारतोय, आपण विचारत नाही, कारण आपल्याला वाटतं आपल्याला माहीत आहे. मला वाटलं आता चिडणार. पण त्यांना पहिल्यापासून कुठल्याही नव्या यंत्राची हौस, ते वय स्वतःच टाकायला लागले. अंगठा कापत होता. सातावर सात उमटले, मग आठांची माळ लागली, आणि ॲपने नम्रपणे वय तपासून पाहण्याची विनंती केली. काकू फसकन हसल्या. सरही हसले, म्हणजे हसल्याचा आवाज आला, आणि त्या आवाजाच्या मागून चेहरा काही आला नाही. मग कुणीच हसत नव्हतं. त्यांनी फोन माझ्याकडे सरकवला आणि म्हणाले, तू टाक, मी सांगतो.

आणि ते सांगत गेले. मी विचारत गेले आणि ते तोंडी परीक्षेला बसलेल्या मुलासारखे सरळ बसून उत्तरं देत गेले. चक्करेची गोळी कधीपासून, या प्रश्नाला त्यांनी काकूंकडे बघितलं. काकू म्हणाल्या, लेक बदली होऊन तळ्याकाठच्या त्या गावी गेली त्या वर्षी तुम्ही जिन्यात कठडा धरून बसला होतात, तेव्हापासून. म्हणजे नातवाच्या जन्माच्या आधी. नातू आता पाढे म्हणतो. मग हात कापणं त्याच्यानंतर सुरू झालं का आधी, मी विचारलं. नंतर. कंपाची गोळी कुणी दिली? सरांचे एक मित्र आहेत, मेंदूचे मोठे डॉक्टर, ते दर महिन्याला पत्ते खेळायला येतात. त्यांनी डाव वाटताना सरांचा हात बघितला, हुकूम काय ते विचारलं, आणि घरी पोहोचल्यावर फोनवरून गोळीचं नाव सांगितलं. आधी काय घेतोस असं त्यांनी विचारलं नव्हतं का? सरांनी माझ्याकडे अशा नजरेने बघितलं की हा काय प्रश्न झाला. "चक्कर तर आठवड्यात गेली होती," ते म्हणाले. मग गोळी का चालू ठेवलीत, मी विचारलं. त्यांनी डबीचं झाकण उघडलं, बंद केलं. खोलीत फक्त त्या झाकणाचा टकटक आवाज येत होता, कारण हात कापत होता. "बंद कर म्हणणारं कोण होतं?" ते म्हणाले. मग जरा वेळाने, पेशंटने लक्षण सांगावं तितक्या साध्या आवाजात म्हणाले, "मला डॉक्टरच नाही गं घाई."

मला रडू आलं. मी ते लपवलं नाही, सर्दी अजून गेली नाही असंही सांगितलं नाही. ज्या माणसाला सगळ्या रस्त्याने डॉक्टर म्हणून हाक मारली, त्याच्या मनात आपल्याला कुणी नाही हे किती दिवस असेल. काकू उठून आत गेल्या आणि चहाचं आधण ठेवल्याचा आवाज आला. सरांनी दरम्यान फोन परत ओढून घेतला आणि सगळं पहिल्यापासून वाचलं. एकीसाठी दुसरी, दुसरीसाठी तिसरी, असं बोटावर मोजून ते स्वतःशीच पुटपुटले, आणि म्हणाले की एखाद्या विद्यार्थ्याने असा पेशंट समोर आणला असता तर त्यांनी त्याला वर्गाबाहेर काढला असता, विद्यार्थ्याला, पेशंटला नव्हे. मी म्हटलं, कंप खरोखरीचाही असू शकतो, सर. ते म्हणाले, असू शकतो, पण आधी हे बघू. मेंदूवाल्या मित्रांना मी तिथूनच फोन लावला, कारण त्यांची गोळी त्यांना न विचारता हलवायची नव्हती. ते म्हणाले, त्याला काय विचारायचं, असं वाटलं मला, त्याला तर सगळं माहीतच असतं. चक्करेची आजपासून बंद, कंपाची एकदम तोडायची नाही, हळूहळू उतरवायची, असं आमचं ठरलं. ॲपनेही तेच सुचवलं होतं, पण मी त्यांना ते सांगितलं नाही. कंप जातो का ते कळेपर्यंत दवाखान्याला कुलूप, सरांचे पेशंट माझ्याकडे. काकू चहा घेऊन आल्या तेव्हा हे ऐकून त्यांनी माझ्याकडे बघितलं. त्यांना हवं होतं तेच झालं होतं, आणि तरी ते झालेलं नव्हतं.

नंतरचे आठवडे मला नीट आठवत नाहीत, म्हणजे क्रमाने आठवत नाहीत. काही झालं नाही हेच पुष्कळ दिवस होत राहिलं. मी रोज संध्याकाळी दवाखान्यातून परस्पर तिकडे जायचे आणि आल्याआल्या हाताकडे बघायचे, आणि सर हात खिशात घालायचे. उकळणाऱ्या दुधाकडे टक लावून बघत बसलं की ते उतू जात नाही, असं काकू म्हणायच्या. मग मी खिडकीबाहेर बघायचे, शाळेच्या भिंतीवर मांजर झोपलेलं असायचं. चक्कर परत येईल याची मला धास्ती होती. सर जिन्यावरून उतरत असले की माझा जीव वरखाली व्हायचा. चक्कर आली नाही. कंप मात्र होता तसाच. एके दिवशी तर मला तो वाढल्यासारखा वाटला आणि मी घरी येऊन नवऱ्यावर विनाकारण खेकसले, की तू दूध का आणलं नाहीस, आणि दूध फ्रिजमध्ये होतं. त्या दिवसांत माझ्या दवाखान्यात येणाऱ्या प्रत्येक म्हाताऱ्या माणसाला मी पिशवीतल्या सगळ्या गोळ्या टेबलावर ओतायला सांगायचे. पिशव्यांतून काय काय निघायचं. तीन वेगवेगळ्या डॉक्टरांनी तीन वेगवेगळ्या नावांनी दिलेली एकच गोळी, शेजारणीने सुचवलेली झोपेची, वारलेल्या नवऱ्याची उरलेली, वाया कशाला घालवायची म्हणून. फोन लाल व्हायचा, पिवळा व्हायचा, मी त्यांच्याशी बोलायचे, काहींना काही सोडायला सांगायचे. औषध लिहून दिल्यावर माणसं नुसती निघून जातात. पण एखादी गोळी आता नको म्हटलं की चेहरा उजळतो, जसं काही आपण त्यांना शाळेतून लवकर घरी सोडलंय. मला हे आवडायला लागलं होतं. आणि तरी प्रत्येकाच्या पाठीमागे सर होते, हात खिशात घातलेले.

आधी चेहरा आला. ते लक्षात आलं काकूंच्या. एका संध्याकाळी त्या मला दारातच म्हणाल्या, अगं, आज ते विनोद चालू असतानाच हसले. म्हणजे कसे, मी विचारलं. एरवी विनोद संपून आपण दुसरं बोलायला लागलं की मग हसायचे, त्या म्हणाल्या. मी आत गेले. सर वर्तमानपत्र वाचत होते आणि मला बघून त्यांनी एक भुवई उचलली, डावी, जिच्यामुळे आम्ही सगळी पोरं थरथरायचो. ती भुवई गेली आहे हेसुद्धा मला कळलं नव्हतं, आणि आता ती परत आलेली बघून माझा जीव भांड्यात पडला. मग पाय आले, उंबऱ्यापाशी थांबणं गेलं. मग अक्षर, मुंगीएवढं झालेलं अक्षर वाढत वाढत पुन्हा त्यांच्या जुन्या ऐसपैस वळणावर आलं. मधले शब्द सापडायला लागले, आणि ते सापडल्याबरोबर सरांनी त्यांचा वापर माझ्या निदानांतल्या चुका काढण्यासाठी सुरू केला. हात शेवटी आला, तोही पुरता नाही. कप उचलताना बशीचा किंचित किणकिण आवाज येत राहिला. तेवढं माझ्या वयाचं असू दे, सर म्हणाले. मित्र पत्त्यांना आले तेव्हा सगळ्यांसमोर सरांनी त्यांना विचारलं की बाबा रे, तू सध्या काय काय घेतोस, आणि त्यांनी खरोखरच पानं खाली ठेवून सांगायला सुरुवात केली. मला त्या सगळ्या दिवसांत एक सुख झालं होतं, ज्यासाठी काही करावं लागत नाही, नुसतं रस्त्याने चालताना ते बरोबर असतं.

दवाखाना उघडला. पहिल्या दिवशी मी मुद्दाम जाऊन दारापाशी उभी राहिले. आत कुणाच्या तरी पोटावर सरांचा हात होता आणि ती बाई आपल्या जावयाबद्दल भरभरून सांगत होती. मी तशीच मागे फिरले. काकू मात्र खट्टू होत्या. त्यांनी मला बाजाराच्या वाटेवर गाठलं आणि हातातल्या पिशव्या खाली न ठेवताच म्हणाल्या, "तुला राग येईल, पण सांगते. ते बरे झाले आणि परत गेले. आजारी होते तेव्हा निदान घरात होते." लेक कधीची बोलावतेय, चार महिने तरी येऊन राहा म्हणून; तळ्याच्या काठाला घर आहे, नातू वाट बघतो. मी एका माणसाला त्याचं काम परत मिळवून दिलं होतं आणि दुसऱ्याचं घरातलं माणूस गेलं होतं, आणि दोघंही माझीच. मी त्यांच्या हातातली एक पिशवी घेतली आणि त्यांच्या घरापर्यंत बरोबर चालत गेले.

सरांनी मला बोलावलं ते पानगळ सुरू झाली त्या सुमाराला. दवाखान्यात गेले तर तपासणीच्या टेबलावरची चादर घडी घालून ठेवलेली, भिंतीवरचा दृष्टी तपासायचा तक्ता उतरवलेला. सर कपाटातली नमुन्याची औषधं काढून तारखा बघत होते. मला म्हणाले, महिनाअखेर बंद करतोय, पेशंट तुझ्याकडे पाठवतो, सगळ्यांना सांगून झालंय, तुला शेवटी सांगतोय कारण तू वाद घालशील. मी वाद घातलाच. हात आता चांगला आहे, अक्षर चांगलं आहे, डोकं माझ्यापेक्षा चांगलं आहे. मग आता का. त्यांनी बाटली खाली ठेवली. "तेव्हा बंद केलं असतं तर सगळे म्हणाले असते, त्याचं झालं," ते म्हणाले. "तेव्हा मला ठरवताच आलं नसतं, माझ्याकरता तुम्ही ठरवलं असतं. आता मी म्हणतोय, माझं झालं. ही मजा तू मला दिलीस." त्यांनी हे हसत हसत सांगितलं, आणि हसू आवाजाच्या बरोबरच चेहऱ्यावर आलं. मला वाईट वाटलं, फार वाटलं, आणि त्याच वेळी आतून इतकं स्वस्थ वाटलं की मी त्यांच्या शेजारी बसून मुकाट्याने बाटल्यांवरच्या तारखा वाचायला लागले. काकूंना कळवलंत का, मी विचारलं. तिने प्रवासाच्या पिशव्या कधीच काढल्यात, ते म्हणाले.

त्यांच्या निघण्याच्या आदल्या आठवड्यात एका संध्याकाळी माझ्याकडे मरणाची गर्दी होती. साथ चालू होती, आत खोकला, बाहेर खोकला. एका पेशंटला दारापर्यंत सोडायला म्हणून मी बाहेर आले तर बाकावर, एक कुरकुरणारं बाळ मांडीवर घेतलेली आई आणि घसा बसलेला एक बसचालक यांच्यामध्ये सर अंग चोरून बसले होते. मांडीवर गोळ्यांची डबी, खिशाला चष्मा. कंपाउंडरला त्यांनी, प्रवासाला जायच्या आधी डॉक्टरांना दाखवायचंय, एवढंच सांगितलं होतं. मी गडबडून पुढे झाले आणि म्हटलं, सर, इथे काय बसलात, आत चला ना. बसचालक उठून त्यांना वाट करून द्यायला लागला. सरांनी त्याला हाताने खाली बसवलं आणि माझ्याकडे बघितलं.

"माझा नंबर यायचाय अजून," ते म्हणाले. "तू जा आत."

मी आत गेले आणि बाळाच्या आईला बोलावलं.